सोळा अँपिअर

पहिल्या वर्षी होता तो गाडीसोबत आलेला,
डिकीत कापडी पिशवीत वेटोळं घालून बसलेला.
गॅरेजमधल्या साध्या प्लगला लावला
की तासाला चार मैल.
चार.
आणि केटरिंगहून पिट्सबर्ग दोनशे साठ.

शर्वाणी शुक्रवारी रात्री यायची, बॅटरी नऊ टक्के,
आधी प्लग खोचायची, मग बूट काढायची,
म्हणायची, "चला, रविवार दुपारपर्यंत मी तुमची."
आम्ही हसायचो. पण होतंच ते तसं.
शनिवारी ती दहाला उठायची,
थालीपीठ तव्यावरून थेट हातात घ्यायची,
माझ्या चष्म्याच्या काडीचा स्क्रू पिळून द्यायची,
आणि मधेच गॅरेजमध्ये डोकावून यायची,
दूध उतू जातंय का बघावं तशी.
"एकतीस."
"अडतीस."
हिरवा दिवा आपला लुकलुकत,
कसली म्हणून घाई नाही त्याला.
तेवढं भरलं तरी पुरायचं,
वाटेत केम्ब्रिजला एकदा थांबून.

मग तिचं काम बदललं.
"बाबा, शनिवारीच परतावं लागेल आता.
हे जरा लवकर होईल असं काही करता येईल का?"
एकतीस वर्षं कारखान्यात पॅनेलं जोडली मी.
'करता येईल का' असं कुणी विचारलं
की माझ्या तोंडून 'नाही' फुटतच नाही.
हा माझा दोष.
वसुधाला विचारलंत तर म्हणेल, अनेकांतला एक.

नवा चार्जर मागवला, तोही हातात मावणारा,
पण दोनशे चाळीस व्होल्टवर चालणारा.
पन्नासचा ब्रेकर.
चाळीस फूट तांब्याची केबल, अंगठ्याएवढी जाड,
थंडीनं अशी आडमुठी झालेली
की गुडघ्यावर दाबून वळवावी लागली.
तळघरातून गॅरेजपर्यंत भिंत पोखरताना
वसुधा जिन्यात उभी, टॉर्च धरून,
"लेकीला लवकर पाठवायची सोय करतोयस," म्हणाली.
मी म्हटलं, "टॉर्च जरा डावीकडे."

शहराचा इन्स्पेक्टर आला, मिस्टर हॅलोरन.
झाकण उघडलं, एकेक स्क्रू तपासला,
"हे तुम्ही स्वतः केलंत?" म्हणाला.
मी दिवसभर त्या वाक्यावर जगलो.

पुढच्या शुक्रवारी तिनं प्लग लावला.
तासाला पंचवीस मैल.
"बाबा, कमाल आहात तुम्ही!"
सकाळी सहाला गाडी भरलेली.
नऊला ती अंगणात, हातात डबा, खांद्याला बॅग,
"येते," म्हणाली.
आपल्यात जाते म्हणत नाहीत.
वसुधानं भिजवलेली डाळ
तशीच भिजत राहिली.

चार्जरच्या पाठीला एक बटण आहे.
दाबून धरलं की आकडे फिरतात:
बत्तीस, चोवीस, सोळा, दहा.
दहा म्हणजे हावरटपणा झाला असता.
मी हिशेब केला, कागदावर, दोनदा.
सोळावर ठेवलं
तर शनिवारचं जेवण होतं,
वर एक चहाही बसतो.

जानेवारीत ती आली.
रात्री फोनवर बघून म्हणाली,
"बाबा, सोळाच दाखवतंय."
"केबल तापते," मी म्हटलं, "जुनं घर."
गॅरेजमध्ये पाणी गोठत होतं.
ती गेली, मीही मागोमाग गेलो.
तिनं केबलला उलटा हात लावला,
लहान मुलाचा ताप बघावा तसा,
आणि बराच वेळ तसाच ठेवला.
मी कपाटावरचे खिळ्यांचे डबे
विनाकारण सरळ करत राहिलो.

"हो," म्हणाली, "लागतेय खरी गरम जराशी."
आणि हात फुंकत आत गेली,
डाळ भिजवलीय का विचारायला.